हळदीच्या ‘फायटोसोम’ कॅप्सूल : सोलापुरात घेताना काय तपासायचं

नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंतच्या औषध दुकानांत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आता सहज मिळतात. ‘लायपोसोमल’, ‘फायटोसोम’, ‘जास्त शोषण’ असे शब्द डब्यांवर ठळक असतात. यातला फॉस्फोलिपिड कॉम्प्लेक्स, म्हणजेच फायटोसोम, हा अर्काला स्निग्ध पदार्थाची जोड दिलेला प्रकार खरोखर चांगला आहे. अडचण एवढीच, की डब्यावर नाव असलं म्हणजे आत तोच माल असतो असं नाही.

हळदीतला मुख्य पिवळा घटक, करक्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडं आत शिरतं, त्याचं रूप आतड्याची भिंत आणि यकृत लगेच बदलून टाकतात. मिलानच्या इंडेना कंपनीच्या फायटोसोम पद्धतीत अर्क आणि लेसिथिन या स्निग्ध पदार्थातलं फॉस्फॅटिडिलकोलिन एकाच द्रावकात विरघळवून रेणूंची जोडी जमवतात आणि मग द्रावक काढून भुकटी करतात. कोरडा अर्क आणि लेसिथिन नुसतं कालवून ही जोडी जमत नाही.

म्हणून आधी आकडे वाचा. इंडेनाच्या मेरिवा या कॉम्प्लेक्समध्ये करक्युमिनॉइड्स (करक्युमिन आणि त्याच्यासारखे हळदीतले घटक) सुमारे २० टक्केच असतात, म्हणजे ५०० मिग्रॅमध्ये साधारण १०० मिग्रॅ. हा आकडा कमी वाटून गिऱ्हाईक दुसरा डबा उचलतं, तिथेच फसगत होते. ५०० मिग्रॅ भुकटीत ९५ टक्के करक्युमिन लिहिलं असेल तर लिपिडला, म्हणजे त्या स्निग्ध पदार्थाला, जागाच उरत नाही. तो साधा अर्क आहे.

‘इतके पट शोषण’ हा दावाही जपून घ्यावा. मेरिवावरच्या २०११च्या अभ्यासात सुमारे २९ पट वाढ दिसली, पण रक्तात मोजलं गेलं ते मुख्यतः यकृताने रूप बदललेलं करक्युमिन.

घरी एक कॅप्सूल उघडून भुकटी कोमट पाण्यात टाका. साधा अर्क तरंगतो, पेल्याला चिकटतो. कॉम्प्लेक्स फुगून हळूहळू गढूळ पिवळं पसरतं. हा फक्त इशारा आहे, पुरावा नव्हे, कारण भुकटी पाण्यात मिसळायला मदत करणारे इतर पदार्थ घातले तरी तसंच दिसतं.

मिरीतलं पायपरिन घातलेल्या कॅप्सूल वेगळ्या. त्या लिपिडवर चालत नाहीत, यकृताचं काम मंदावून चालतात. त्यामुळे चालू असलेल्या इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. रोजच्या गोळ्या असणाऱ्यांनी त्या टाळलेल्या बऱ्या.

सोलापूरचा एप्रिल-मे हा या मालाचा खरा शत्रू. लेसिथिन ओल ओढतं आणि उष्णतेत खवट होतं. पारा चाळिशीपार असताना उन्हातल्या काचेच्या कपाटातला डबा घेऊ नका. स्ट्रिप पॅक बाटलीपेक्षा बरा, कारण बाटली दर वेळी हवा घेते. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या असतील किंवा जुन्या तेलाचा वास आला तर माल परत करा.

कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. जास्त शोषण होणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि ऑस्ट्रेलियात आहेत. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून डॉक्टरांना दाखवा.