एम.ए. इतिहास, गोवा विद्यापीठ: आधी कपाट बघा, मग विषय घ्या

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक कागद आहे. वर पोर्तुगीज राजवटीचा छाप, मध्ये बावीस ओळी, खाली लफ्फेदार सही. आजोबा त्याला ‘आल्वारा’ म्हणायचे. पडीक जमीन लागवडीखाली आणायला फिरंगी सरकार असे कागद देत असे, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या होंड्यातली आमची काजूची बागायत त्या एका कागदावर उभी आहे. पण घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. बाबा दर दिवाळीला पेटी उघडायचे, वाळवी लागली नाही ना ते बघायचे, आणि घडी मोडू न देता कागद परत ठेवायचे.

मी वाळपईला एका वकिलांकडे सात वर्षं काम केलं. एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदींचे, उतारे आणायचे, अर्ज टाइप करायचे, तारखा लिहून ठेवायच्या. सत्तरीत जमिनीचा वाद आला की मोकासो, म्हणजे जुनी इनाम जमीन, आणि आल्वारा हे दोन शब्द आलेच. म्हातारी माणसं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद माझ्या टेबलावर ठेवायची आणि विचारायची, “बाय, ह्यात काय लिहिलंय गो?” मी म्हणायचे, भाषांतराला पाठवू. सात वर्षं मी हेच उत्तर दिलं. आठव्या वर्षी ते देवेना, म्हणून मी एम.ए.ला जायचं ठरवलं.

हे सगळं आधी सांगते, कारण एम.ए. कुठे करावं असं विचारणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हेच विचारते: तुला नेमकं काय वाचायचं आहे, काय मोजायचं आहे, काय शोधायचं आहे? त्याचं उत्तर असेल तर विद्यापीठ निवडणं सोपं जातं. मला हे उशिरा कळलं आणि त्याआधी एक फटका बसला.

फटका असा. वकीलसाहेब म्हणाले, कायदा कर. मावसभाऊ म्हणाला, एम.बी.ए. कर, पगार मिळेल. मी महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या खासगी संस्थेच्या माहितीपत्रकावर भाळले. त्यात पुराभिलेखशास्त्र, म्हणजे जुन्या दप्तरांचं शास्त्र, होतं, मोडी होती, जुन्या नकाशांचा अभ्यास होता. फोनवरची मुलगी रोज गोड बोलायची. मी अनामत भरली. प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं, की छापलेल्या ऐच्छिक विषयांपैकी निम्मे गेली दोन वर्षं कुणी शिकवलेच नव्हते. शिकवणारे सर सोडून गेले होते आणि माहितीपत्रक मात्र तेच राहिलं होतं. अनामत परत मिळाली नाही. बाबांचा खनिजाचा ट्रक २०१२च्या खाणबंदीपासून दारात उभा होता; घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे मला रुपयापर्यंत ठाऊक होतं. त्या रात्री परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही.

मग मे महिन्यात एका सकाळी मी ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात गेले. प्रवेशाची चौकशी बाजूला ठेवली आणि सरळ ग्रंथालयात शिरले. तिथे जे बघितलं त्यावर माझा निर्णय झाला.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर हे नाव आमच्याकडे लहान मुलांनाही ऐकून माहीत असतं, कारण पिसुर्ले आमच्या होंड्याला लागूनच. १८९४ साली जन्मलेला हा माणूस तीसेक वर्षं, १९६१ पर्यंत, गोव्याचं पुराभिलेखागार सांभाळत होता. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या व्यवहारावरचे कागद त्यांनी एकेक करून बाहेर काढले. हे शाळेत ऐकलं होतं. त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह ताळगावच्या पठारावर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं. पिसुर्ल्याची ओळख आता खनिजाच्या लाल धुळीने होते. त्या गावच्या माणसाने जमवलेली पुस्तकं कपाटात रांगेने उभी बघितली आणि मला भरून आलं. मी तिथल्या बाईंना विचारलं, “विद्यार्थ्यांना हे बघायला मिळतं?” त्या म्हणाल्या, “मागितलं तर मिळतं. मागायला यायला हवं.”

माझी निवड त्या वाक्यावर झाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की छोट्या सरकारी विद्यापीठात तोच विषय घ्यावा ज्याचं मूळ सामान चालत किंवा एका बसने गाठता येतं. इतिहासाचं सामान गोव्यात पावलोपावली आहे. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनचं आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रखवालदार. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे तिथले खंड ‘मोंसोंइश’ म्हणून ओळखले जातात, कारण ती पत्रं मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून यायची-जायची. तिथे मोडीतले कागद आहेत, आणि गावकारींच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या मंडळींच्या, वह्यांत गोंयकानडी ही गोव्यातली जुनी लिपीही भेटते. पाट्टोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते केळोशीचे, १५२६ साली मराठीत लिहिणारे. हे ग्रंथालय कदंब बस स्टँडपासून जवळ, त्यामुळे बस चुकली की मी तिथेच बसायचे. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. एम.ए. करणाऱ्या पोरीला एवढं एका तालुक्याच्या अंतरात कुठे मिळणार?

हाच हिशेब दुसऱ्या विषयांनाही लागू पडतो. आमच्या शेजारचा मुलगा सागरी सूक्ष्मजीवशास्त्राला गेला. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ सालची, त्याच्या विभागापासून जवळ. समोर झुवारीची खाडी. नमुना घ्यायला त्याला भरती-ओहोटी बघून खाली उतरावं लागतं, एवढंच. पोर्तुगीज भाषा आणि कोकणी यांचंही तसंच आहे. पण ज्या विषयाचं गोव्याच्या मातीशी, पाण्याशी, कागदाशी नातं नाही, तो केवळ घराजवळ आहे म्हणून इथे घेऊ नका. त्यासाठी मोठं शहर गाठावं, खर्च झाला तरी.

आता अभ्यासक्रमाबद्दल. प्रवेशासाठी जीयू-आर्ट ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागली. दोन वर्षं, चार सत्रं, ८० क्रेडिट. क्रेडिट म्हणजे काय ते मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. आठवड्याच्या तासांचा हिशेब, एवढं समजलं तरी पुरतं. शिकवणं इंग्रजीत. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी आणि पुढे इंग्रजी, त्यामुळे वाचायला जड गेलं नाही, पण लिहायला गेलं. पहिल्या सत्रात मी रोज रात्री एक पान इंग्रजीत लिहून काढायचे आणि सकाळी बसमध्ये स्वतःच तपासायचे. दिवाळीपर्यंत हात बसला. वर्ग लहान होता, याचा मोठा फायदा झाला. सरांना माझं गाव माहीत होतं, विषय माहीत होता, आणि सत्तरीचा काही संदर्भ दिसला की ते आपणहून चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या सत्तरीच्या दिपाजी राण्यांनी १८५२ साली नाणूसचा किल्ला घेतला ती गोष्ट मी आजीकडून ऐकत मोठी झाले. तीच गोष्ट सरकारी बाजूने लिहिलेली वाचताना मी थांबून थांबून वाचली. ज्यांना आजी ‘आमचे’ म्हणायची त्यांना तो लिहिणारा बंडखोर म्हणत होता. दोन्ही शब्द एकाच पानावर मांडायचे कसे, हे मला त्या वर्गात शिकायला मिळालं.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे अभ्यागत प्राध्यापकांची अध्यासनं, म्हणजे थोड्या काळासाठी बाहेरून येणाऱ्या विद्वानांच्या जागा. कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, कुन्हा रिवारा अशा नावांची ती आहेत, आणि माझ्या वेळी त्यांच्या छोट्या अभ्यासक्रमांना बाहेरची माणसंही नाव नोंदवून बसायची. एका वर्गात माझ्या शेजारी निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी मला जुन्या टपालाच्या शिक्क्यांवरून कागदाची तारीख कशी ताडायची ते दाखवलं. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

प्रवासाचं मात्र नीट ठरवून घ्या. होंड्याहून सव्वासहाची बस, साखळी, डिचोली, पणजी, तिथून दुसरी बस. जाऊन येऊन माझे साडेचार तास जायचे. पठारावर आषाढात वारा असा येतो की छत्री उघडण्यात अर्थ नाही. रेनकोटच न्या, आणि कागद दोन पिशव्यांत घाला. दुपारी पातळ भाजी आणि पाव खाऊन मी पुन्हा ग्रंथालयात जायचे. इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा आहे, आणि संध्याकाळी त्या पायऱ्यांवरून झुवारीकडे बघत बसलं की पहाटेच्या बसचा शीण उतरायचा. वसतिगृह मिळत असेल तर जरूर घ्या. मी घेतलं नाही, कारण काजूच्या दिवसांत घरी हात कमी पडतात.

फी खासगी संस्थेच्या मानाने पुष्कळ कमी. पण तेवढ्यावर जाऊ नका. अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी करा, असं मी कळकळीने सांगते. ऐच्छिक विषयांची यादी घेऊन विभागात जा आणि यातले ह्या वर्षी खरोखर कुठले शिकवणार ते विचारा. हाच प्रश्न मी त्या खासगी संस्थेला विचारला असता तर बाबांचे पैसे वाचले असते. मागच्या दोन वर्षांतले लघुप्रबंध मागून त्यांची नावं तरी वाचा, म्हणजे तिथे कशावर काम होतं ते कळतं. आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीबरोबर चहा प्या. ती जे सांगेल ते कार्यालयात कुणी सांगणार नाही.

पोर्तुगीज मी दोन वर्षांत शिकले ती वाचण्यापुरती. बोलता येत नाही. छापील बोलेतीं, म्हणजे सरकारी राजपत्र, आता सरळ वाचते. हस्ताक्षराला वेळ लागतो. एकेक अक्षर वेगळ्या कागदावर काढून बघते आणि मग ओळ लागते.

गेल्या दिवाळीला बाबांनी पेटी उघडली तेव्हा मी हात पुढे केला. ओसरीवर बसून बावीस ओळी वाचायला मला सबंध सकाळ लागली. जमीन कुणाला दिली, किती वर्षांत लागवड करायची, दरसाल किती भरायचं, आणि चतुःसीमा. पूर्वेला व्हाळ. उत्तरेला डोंगराची धार. पश्चिमेला रस्ता. दक्षिणेला एक आंब्याचं झाड, ‘मोठं’ असं लिहिलेलं.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो आंबा मी बघितलाय. मी सहावीत असताना पावसात पडला. चल, बुंधा कुठे होता ते दाखवतो.” आणि आम्ही चपला घालून बागायतीत गेलो.