पॉपिन्स फाँट: दुकानांच्या पाट्यांसाठी काही महिने वापरल्यावर

दादर-परळ भागातल्या दुकानांच्या पाट्या, कॅरीबॅग, कार्डं हे माझं काम. पावसाळ्यापासून ठळक मजकुरासाठी मी बहुतेक वेळा पॉपिन्सच उघडते, आणि त्याचं पहिलं कारण देखणेपणा नाही, कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दोन लिप्यांना दोन वेगळे फाँट घेतले की मापं जुळवण्यात दुपार जाते. मराठी वाढवावी तर शिरोरेषा जाडजूड होते, इंग्रजी कमी करावी तर ती मरतुकडी दिसते.

पॉपिन्समधली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरं, जॉनी पिनहॉर्न यांची. पण दोन्ही एकमेकींकडे बघून बेतल्या आहेत. रोमन कॅपिटल अक्षरं मुळातच देवनागरीपेक्षा बुटकी. त्यामुळे एकाच पॉइंट साइझला दोन्ही ओळी टाकल्या तरी मराठी वरचढ राहते आणि इंग्रजी मुद्दाम दाबलीय असं गिऱ्हाइकाला वाटत नाही. शिवाय रेषेची जाडी जवळपास सगळीकडे सारखी, म्हणून आत एलईडी बसवायच्या अक्षरांत उजेड कुठे ढेपाळत नाही.

नऊ वेट, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. गिऱ्हाईक हमखास सगळ्यात जाड मागतं. 'मिष्टान्न' किंवा 'अँड सन्स' ब्लॅक या सगळ्यात जाड वेटमध्ये लिहा आणि रस्त्यापलीकडून बघा: जोडाक्षरातली पोकळी बुजते, चंद्र आणि त्यातलं टिंब एकच डाग होतं. एवढं जाड झालं की इथल्या देवनागरीत जागाच उरत नाही. मी बोल्डच्या पुढे जात नाही. नाव जोडाक्षरांचं असेल तर सेमीबोल्ड.

फ्लेक्सवाल्याकडे मात्र सांभाळा. त्याच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी उघडली की वेलांट्या भलतीकडे जातात. फाइल कायम कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच द्यावी. इलस्ट्रेटरमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांचा पर्याय चालू आहे का ते आधी बघा.

फाँट फुकट आहे, धंद्यासाठीही. आणि तीच त्याची खोट. क्लिनिक, क्लास, अ‍ॅप, सोसायटीची नोटीस, सगळीकडे हाच चेहरा. लोगोच करायचा असेल तर कर्व्ह केल्यावर एखादं अक्षर तरी स्वतःच्या हाताने बदलते, नाहीतर शेजारच्या दुकानाचा भाऊ वाटतो.

मेन्यूकार्डातल्या बारीक मजकुराला मी तो घेत नाही. तिथे मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता फाँट, तो लहान आकारातही डोळ्यांना त्रास देत नाही. आणि पेढीवाल्यांना तर पॉपिन्स दाखवतसुद्धा नाही. त्यांना बोरूचं वळण हवं असतं, आणि इथे जाड-बारीक रेष औषधालाही सापडत नाही.