जिप्सीचा कॅम बदलला, त्यासोबत काय काय केलं

माझी जिप्सी किंग, १.३ चं इंजिन, १ लाख ८० हजार चाललेली. रॅलीवाल्या मित्राच्या नादाने रीग्राइंड केलेला (घासून नवा आकार दिलेला) कॅम, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घ्यायचं ठरलं पण बजेट तोकडं, फुल इंजिन काम परवडणार नव्हतं. गॅरेजवाले दादा म्हणाले आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघू, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर कॅमवर पैसे घालूच नकोस. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले, जिवात जीव आला!

सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर यायचा म्हणून व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणारे) नवे टाकले, आणि तेही हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता, प्लगच्या होलातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवले, हे बघायला मजा आली. टायमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा पट्टा), त्याचा टेन्शनर, कॅमचं ऑइल सील पुण्याच्या नाना पेठेतून मीच आणलं. दोन रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे हात) घासलेले होते ते बदलले, नाहीतर नवीन कॅम खाल्लाच असता त्यांनी.

तक्रार एकच, रॉकर कव्हरचं जुनंच गॅस्केट परत लावलं, दुसऱ्या दिवशी जळक्या ऑइलचा वास. फुकट बदलून दिलं पण माझी फेरी पडली ना. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) मात्र गार इंजिनवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन निवांत सेट केले. आयडलला आता थोडी थरथरते, वरच्या आरपीएमला मात्र सुसाट.