ॲनेरोबिक जार आणि एमआयसी स्ट्रिप: कोल्हापुरातल्या छोट्या लॅबचा वापरानंतरचा अनुभव

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये गेल्या पावसाळ्यापासून २.५ लिटरचा ॲनेरोबिक जार (ऑक्सिजनशिवाय जिवाणू वाढवायचा बंद डबा), त्यातला ऑक्सिजन काढून टाकणारी गॅस पाकिटं आणि एमआयसी स्ट्रिप (कमीत कमी किती औषधानं जिवाणूची वाढ थांबते ते दाखवणारी पट्टी) वापरतोय. त्याआधी रिपोर्टवर ‘ॲनेरोब वाढले’, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू सापडले, एवढंच लिहून थांबायचो; पुढचं औषध सर्जननं अंदाजानं ठरवायचं. मधुमेही पायाच्या जखमा आणि फुटलेलं ॲपेंडिक्स यांचा पू आमच्याकडे नेहमी येतो, म्हणून हा खर्च करायचा ठरवलं.

अशा तपासण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेची संदर्भ पद्धत अगार डायल्यूशनची, म्हणजे अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) औषध मिसळून तपासायची. औषधाच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळी प्लेट ओतायची आणि ४२ ते ४८ तास ठेवायची. महिन्याला मोजकेच नमुने येणाऱ्या लॅबला ते झेपत नाही. स्ट्रिप मात्र एका रुग्णासाठी एक अशी लावता येते. हेमिन आणि व्हिटॅमिन के१ घातलेला ब्रुसेला ब्लड अगार, १ मॅकफारलंड (गढूळपणाचं माप) इतकं गढूळ जिवाणूंचं द्रावण, त्यावर स्ट्रिप, आणि प्लेट लगेच जारमध्ये. स्ट्रिप एकदा टेकली की सरकवायची नाही, कारण औषध त्याच क्षणी अगारमध्ये उतरायला लागतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते मेट्रोनिडाझोल या ॲनेरोबवरच्या औषधाला. हे औषध जिवाणूच्या आत ऑक्सिजन नसतानाच कार्यरत होतं. जारमध्ये थोडी जरी हवा राहिली, तरी औषधाला दाद देणारा जिवाणू रिपोर्टवर रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारा) दिसतो आणि रुग्णाला विनाकारण मेरोपेनेमसारखं भारी ॲन्टिबायोटिक चढतं. आमच्या जारच्या झाकणाची रबरी रिंग सैल झाली तेव्हा आत ऑक्सिजन आहे हे दाखवणारा इंडिकेटरचा गुलाबी रंग जाईना. त्या दिवशीचं एकही वाचन आम्ही बाहेर जाऊ दिलं नाही. आता प्रत्येक जारमध्ये बॅक्टेरॉइडीज फ्रॅजिलिस एटीसीसी २५२८५ या पडताळणीसाठीच्या प्रमाणित जिवाणूची मेट्रोनिडाझोल लावलेली प्लेट असतेच. तिचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आला तरच बाकीच्या प्लेट वाचते. खर्च वाढतो, पण यात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

क्लिंडामायसिन या दुसऱ्या ॲन्टिबायोटिकची प्लेट पूर्ण ४८ तास ठेवते. २४ तासांनी स्ट्रिपभोवती स्वच्छ दिसलेल्या, वाढ थांबलेल्या लंबवर्तुळात नंतर बारीक वसाहती उगवलेल्या मी पाहिल्यात. सीएलएसआयप्रमाणे स्ट्रिपवरचा आकडा २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी असेल तर संवेदनशील, ८ किंवा जास्त तर रेझिस्टंट. मेट्रोनिडाझोलला हेच आकडे ८ आणि ३२ आहेत.

इथल्या पावसाळ्याचा त्रास वेगळाच. फ्रीजमधून काढलेलं स्ट्रिपचं पाकीट लगेच उघडलं तर स्ट्रिपवर दव धरतं. बंद पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच कापायचं. गॅस पाकिटाचं उलट: फाडलं की मिनिटभरात जार बंद झालाच पाहिजे.

एका सर्जनांनी फोन करून विचारलं, “मॅडम, जेंटामायसिन (एक ॲन्टिबायोटिक) का लावलं नाही?” म्हटलं, “सर, ते पेशीत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. ॲनेरोबमध्ये ती नसते, त्यामुळे लावून उपयोग नाही.” त्याच बोलण्यात नमुन्याला हवा लागू देऊ नका हेही सांगितलं. तेव्हापासून त्यांच्याकडून कापसाच्या काडीऐवजी सिरिंजमध्ये ओढलेला पू येतो, हवा काढून, टोपण लावून. या एका बदलानं आमच्याकडे ॲनेरोब सापडणाऱ्या नमुन्यांची संख्या वाढली.

स्ट्रिप महाग आहेत आणि आमच्या पुरवठादारानं दोनदा मुदत संपत आलेला माल पाठवला. ऑर्डर देतानाच मुदतीची तारीख लेखी मागून घ्या. पैसे कमी असतील तर मेट्रोनिडाझोल, क्लिंडामायसिन आणि मेरोपेनेम एवढ्या तीनच घ्या. ॲक्टिनोमायसिस किंवा क्युटिबॅक्टेरियम हे जिवाणू असतील तर मेट्रोनिडाझोलची स्ट्रिप वाया घालवू नका, त्यांच्यावर ते मुळातच चालत नाही.

युकास्ट या युरोपीय समितीची डिस्क पद्धत (स्ट्रिपऐवजी औषधाची गोल चकती लावायची) याहून स्वस्त पडेल आणि १८ तासांच्या आसपास वाचता येते. पण तिला घोड्याचं रक्त घातलेला फास्टिडिअस ॲनेरोब अगार लागतो. ते रक्त नियमित देणारा कुणी कोल्हापूर-सांगली भागात असेल तर जरूर कळवा.