मेट्टुपालयम ते कुन्नूर: निलगिरीची वाफेची गाडी, आणि उटीवाल्या तिकिटात फसू नका

सगळ्यात आधी कामाचं सांगतो, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि मागच्या वेळी आम्ही चांगलेच फसलो. उटीला जाऊन "टॉय ट्रेन केली" म्हणणारे बहुतेक लोक उटी ते कुन्नूर करून येतात आणि त्या पट्ट्यात गाडीला डिझेल इंजिन असतं. वाफेचं इंजिन लागतं ते खालच्या पट्ट्यात, मेट्टुपालयम ते कुन्नूर. तीन वर्षांपूर्वी उटीतल्या एका ट्रॅव्हलवाल्याने "स्टीम इंजिन सर, गॅरंटी" म्हणून वरचे पैसे घेऊन तिकिटं गळ्यात मारली, आणि स्टेशनवर बघतो तर डिझेल! बाबा काही बोलले नाहीत, फक्त इंजिनाकडे पाठ करून बसले.

बाबांचं लहानपण बार्शीचं. बार्शी लाइटची छोटी गाडी, पंढरपूरची वारी, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण, आणि मग आजी पदराच्या टोकाने तो काढायची, हे सगळं मी शंभर वेळा ऐकलंय. त्यामुळे यंदा ठरवूनच, तिकिटं दोन महिने आधी स्वतः ऑनलाइन काढली, आदल्या दिवशी कोइंबतूरला उतरलो आणि रात्री मेट्टुपालयमला मुक्काम केला. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, चेन्नईहून येणारी निलगिरी एक्सप्रेस त्याआधी पोचते त्यामुळे प्लॅटफॉर्मवर एकदम गर्दी होते, तर अर्धा पाऊण तास आधीच जा. स्टेशनवर छोटंसं म्युझियम आहे तेही बघून होतं.

आता इंजिन. हे पुढे नसतं बरं का, मागे असतं! चढावर ते डबे ढकलत नेतं. म्हणजे पुढच्या डब्यात बसलात तर समोरचा डोंगर मस्त दिसेल पण इंजिन फक्त वळणावर दिसणार. आम्ही मुद्दाम मागच्या डब्यातली सेकंड क्लासची सीट घेतली आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले, प्रत्येक धाप पाठीत जाणवते. प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक ब्रेकवाला झेंडे घेऊन उभा असतो, इंजिनाची शिटी ऐकून तो हाताने ब्रेक आवळतो किंवा सोडतो. आमच्या डब्यातला माणूस साडेतीन तास जवळपास उभाच होता, आणि मुलांनी झेंडा मागितला तर नुसता हसायचा, द्यायचा नाही.

कल्लारपर्यंत गाडी साध्या रुळावर आरामात पळते. कल्लारनंतर मात्र दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात, दोन शेजारी शेजारी आणि एकीचे दात दुसरीच्या खाचांसमोर, म्हणजे कुठलातरी दात कायम धरलेला राहतो. चढ आहे १२ फुटाला १ फूट. नुसत्या चाकांवर ते वजन चढणं शक्यच नाही. म्हणून या इंजिनाला चार सिलिंडर आहेत: खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात, आणि तिथे वापरून झालेली वाफ फुकट न घालवता वरच्या दोन सिलिंडरांत जाते, ते दातेरी चाकं फिरवतात. हे वाचून कळत नाही, बघावं लागतं. कल्लारपर्यंत वरचे दांडे गप्प पडून होते आणि दातेरी रूळ लागल्यावर ते हलायला लागले, तेही खालच्यांपेक्षा वेगळ्या तालात! बाबा तिथून पुढे कोणाशी बोललेच नाहीत.

मूळ इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासूनची, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने याच नमुन्याची नवीन बांधली. लोकं नाक मुरडतात की मग हेरिटेज कसलं, पण मला उलट वाटतं, आजच्या फिटर लोकांना हे इंजिन पहिल्या बोल्टपासून जोडता येतं हीच तर भारी गोष्ट आहे. नाहीतर आपल्याकडे जुनं इंजिन म्हणजे रंग फासून चौथऱ्यावर उभं करायचं आणि पोरांनी त्यावर चढून फोटो काढायचे. बाबांची एकच तक्रार, आमचं इंजिन तेलावरचं होतं. "कोळसा कुठंय रे?" असं दोनदा विचारलं, वासावरून त्यांना आधीच कळलं होतं.

हिलग्रोवला गाडी पाणी प्यायला थांबते. सगळे उतरतात, चहा घेतात, इंजिनाजवळ जाऊन बघतात. इथे माकडांपासून सांभाळा, बायकोच्या हातातलं वड्याचं पुडकं खाली ठेवायच्या आत गेलं, आणि ते माकड आमच्यासमोरच बसून चटणी बाजूला काढून वडा खात होतं.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. उटीपर्यंतचा पूर्ण मार्ग ४६ किलोमीटर, १६ बोगदे, अडीचशे पूल, २००५ पासून युनेस्कोच्या यादीत. अॅडर्ली, रनीमीड अशी साहेबी नावाची स्टेशनं येतात आणि आजूबाजूला फक्त जंगल. कुन्नूरला साडेदहाच्या आसपास पोचलो, तिथे वाफेचं इंजिन सुटतं आणि उटीसाठी डिझेल लागतं. आम्ही तिथेच उतरलो. लोको शेड तिथेच आहे, प्लॅटफॉर्मच्या टोकावरून बरंच दिसतं.

वाईट बाजू पण सांगतो. बाकं अरुंद, गुडघ्याला गुडघा लागतो, उंच माणसाचे हाल आहेत. डब्यात संडास नाही, थांब्यावरच उरकून घ्या, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पाऊस असतो, दरड पडली की गाडी रद्द होते, त्यामुळे त्या दिवसांत याच गाडीच्या भरवशावर पुढचं बुकिंग ठेवू नका. आणि बसायला एक उशी न्या, आम्ही नेली नव्हती.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क बाबांनी कापायला लावला, कोळशाचा.