निफ्टी ५० इंडेक्स फंड (डायरेक्ट, ग्रोथ): एका मेडिकलवाल्याचा आठ वर्षांचा अनुभव

इचलकरंजीत माझं मेडिकलचं दुकान आहे. कुठल्या कंपनीचा माल चालतो ते मला रोज काउंटरवर दिसतं, मग म्युच्युअल फंडवाल्याला पैसे का द्यायचे, असं २०१५ साली माझं ठाम मत होतं. बीपीच्या ज्या गोळ्या माझ्याकडे सगळ्यात जास्त खपत, त्या कंपनीचे एक लाख ऐंशी हजारांचे शेअर घेतले.

पुढच्या वर्षी तिच्या एका कारखान्याला अमेरिकेच्या एफडीएचं (तिथल्या औषध नियामकाचं) वॉर्निंग लेटर आलं. दुकानात काहीच बदललं नाही. तीच स्ट्रिप, तोच एमआर (कंपनीचा प्रतिनिधी), खपही तेवढाच. शेअर मात्र दीड वर्षात निम्म्यावर. कंपनीचा बराचसा नफा अमेरिकेला जाणाऱ्या जेनेरिक औषधांवर होता. वार्षिक अहवालात ते सरळ लिहिलं होतं, मी तो उघडलाच नव्हता. मला माल माहीत होता, धंदा माहीत नव्हता.

२०१७ पासून दर महिन्याच्या १० तारखेला पाच हजारांची एसआयपी (ठरावीक मासिक गुंतवणूक) निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, जाते. खर्च साधारण ०.२ टक्के, म्हणजे लाखामागे वर्षाला दोनशे रुपये. डायरेक्ट प्लॅन असल्याने मधल्या माणसाचं कमिशन नाही. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, जानेवारीत तो १२ हजारांच्या वर होता. माझा फंडही तेवढाच पडला. पण आम्ही तेव्हा दिवसभर मास्क, सॅनिटायझर आणि लोकांच्या काळजीत बुडालो होतो. पन्नासच्या पन्नास कंपन्या बुडतील का, हा प्रश्न मनात आला नाही, एसआयपी चालू राहिली. एकाच कंपनीचा शेअर असता तर मी नक्की विकला असता.

कराचा फायदा फारसं कोणी सांगत नाही. फंड आतल्या आत शेअर विकतो तेव्हा आपल्याला कर लागत नाही, आपण युनिट (फंडातला आपला हिस्सा) विकू तेव्हाच लागतो. वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, पुढे साडेबारा टक्के. हे शेअरलाही सारखंच. पण ग्रोथ पर्यायात लाभांश (कंपनी वाटते तो नफ्याचा हिस्सा) फंडातच राहतो, शेअरचा मात्र बँकेत चाळीस-पन्नास रुपये करत येतो आणि तो प्रत्येक रिटर्नमध्ये दाखवावा लागतो.

उणिवा आहेत. जवळजवळ एक तृतीयांश पैसा बँका आणि वित्त कंपन्यांत असतो. निर्देशांकाची फेरतपासणी वर्षातून दोनदाच होते, तोवर घसरणारी कंपनीही सांभाळावी लागते.

शेअर मी पूर्ण सोडलेले नाहीत. दोन कंपन्यांचे आहेत, एकूण पैशाच्या दहाव्या हिश्श्याइतके, आणि दोन्हींचे अहवाल मी पानन् पान वाचतो. त्याहून जास्त कंपन्या वाचायला दुकान सांभाळून वेळ मिळत नाही.

फंड निवडताना एक्स्पेन्स रेशोसोबत (वर्षाच्या खर्चाची टक्केवारी) ट्रॅकिंग डिफरन्सही (फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा किती वेगळा) बघा, आणि तुलना साध्या निफ्टीशी न करता लाभांश धरणाऱ्या निफ्टी ५० टीआरआयशी करा.