पुन्हा कॅट की पुन्हा सीईटी?

एमबीएच्या प्रवेशासाठी दुसऱ्यांदा परीक्षा द्यायची, तर आयआयएमसाठीची कॅट की महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठीची राज्याची सीईटी, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे. नाशिकला अंबडच्या कारखान्यांच्या भागात शिफ्ट सांभाळून दोन्ही परीक्षा दोन-दोनदा दिल्यात, म्हणून हा आगाऊपणा.

कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटी. 120 मिनिटं, तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. एकात उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. बहुपर्यायी प्रश्न चुकला की 1 गुण वजा. पहिल्या खेपेला मी एका डीआय सेटवर (तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचा गट) 18 मिनिटं घालवली. सुटला नाहीच! दुसऱ्या वर्षी नवीन असं काही शिकलो नाही. दर रविवारी मॉक, म्हणजे सराव पेपर, द्यायचा, मग पाथर्डी फाट्याच्या टपरीवर कटिंग घेत वहीत एवढंच लिहायचं: आज कोणता प्रश्न सोडायला हवा होता. पर्सेंटाइल वाढलं ते त्या वहीमुळे.

सीईटीचा खाक्या वेगळा. 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचा गुण गोदेत सोडणं. इथे हात बसला की गुण वाढतात.

मुंबईची जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम ही एमबीएची कॉलेजं डोक्यात असतील, तर मी दुसरं वर्ष सीईटीवरच लावेन. आयआयएमच हवं असेल तर कॅट, पण आधी दहावी-बारावीच्या मार्कशीट काढून बघा. बऱ्याच आयआयएम शॉर्टलिस्ट करताना ते गुणही धरतात, आणि ते काही पुन्हा परीक्षा देऊन वाढत नाहीत. माझे बारावीला 61 टक्के होते.